जास्वंदीवर हमिंगबर्ड दिसला? फोटोवरून पाखरू ओळखायची पद्धत

पळस फुलला की माझ्या मोबाइलवर फोटो यायला लागतात. "ताई, पाहा न, हमिंगबर्ड हाय का हे?" फोटोत जास्वंदीजवळ एक काळा ठिपका असतो, कधी नुसतीच हललेली फांदी. पण पाठवणाऱ्याचा आनंद खरा असतो. वावरात जाता-येता हजार वेळा ओलांडलेल्या झाडापाशी तो पहिल्यांदा थांबलेला असतो. त्याला नुसतं "नाही" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मीही तिथूनच सुरुवात केली, आणि मला कोणी नीट क्रमाने सांगितलं असतं तर माझी दोन-तीन वर्षं वाचली असती.

पहिली गोष्ट आधीच सांगते. हमिंगबर्ड भारतात नाही. त्याच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत, वर अलास्कापासून खाली दक्षिण टोकापर्यंत. आपल्याकडे वर्ध्यात नाही, मेळघाटात नाही, हिमालयातही नाही. मग तुम्ही पाहिलं ते काय? बहुतेक वेळा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. काही वेळा तो पक्षीच नसतो, पतंग म्हणजे फुलपाखरासारखा किडा असतो. हे कसं ठरवायचं ते खाली आहे. तीच पद्धत धनेशापासून पिंगळ्यापर्यंत सगळ्यांना लागू पडते.

जवळ काय असावं

- साधा मोबाइल. कॅमेऱ्यात तारीख-वेळ बरोबर आहे ना आणि लोकेशन सुरू आहे ना, हे एकदा तपासा.
- खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पेनाची शाई घामाने फुटते.
- जमलं तर ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण. नवशिक्याने आधी कॅमेरा नाही, दुर्बीण घ्यावी असं माझं ठाम मत आहे.
- मर्लिन हे पक्षी ओळखणारं ॲप. भारताची माहिती घरी वायफायवर किंवा चांगली रेंज असताना उतरवून ठेवा, म्हणजे वावरात नेटशिवाय चालतं. हे ॲप फुकट आहे.
- पाण्याची बाटली आणि टोपी. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर तुम्हीही थकता आणि पाखरंही सावलीत बसतात.

१. फोटोआधी तीन ओळी लिहा: कुठे, कधी, काय करत होतं

ही पायरी सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त कामाची हीच आहे. "फोटोत सगळं दिसते की" असं वाटतं. फोटोत पक्ष्याची एक बाजू दिसते, एका क्षणापुरती. तो फुलासमोर हवेत थांबला होता की देठाला धरून बसला होता, शेपटी हलवत होता का, एकटा होता की थवा होता, हे फोटोत राहत नाही.

माझ्या वहीत नोंद अशी असते: "१२ मार्च, सकाळी ७.२०, विहिरीजवळचा पळस, दोन, फुलात चोच घालत होते, फांदीला उलटं लटकून, चिवचिव बारीक." एवढं असलं की फोटो धूसर निघाला तरी निम्मी ओळख झालेली असते.

जागेचं महत्त्व किती, याचं उदाहरण आपल्या विदर्भाच्या जवळचंच आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर खात्रीने कोणाला मिळालंच नव्हतं. मध्ये एकच नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मिळाला अशी चिठ्ठी लावलेला, रिचर्ड माइनर्ट्सहागेन या इंग्रज अधिकाऱ्याचा. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने संग्रहालयांतले नमुने तपासले तेव्हा उलगडलं की तो नमुना आधीच कोणीतरी गोळा केलेला होता. माइनर्ट्सहागेनने तो संग्रहालयातून चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. ही खोटी जागा बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा शोधल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे तो आपल्या मेळघाटातही मिळाला. पक्षी तोच होता, नमुना तोच होता, चिठ्ठी खोटी होती. म्हणून कोणाचाही फोटो आला की माझा पहिला प्रश्न "कुठचा?" आणि दुसरा "कधीचा?"

तारखेचंही तसंच. चातक आपल्याकडे पावसासोबत येतो, जानेवारीत चातकाचा फोटो आला तर मी दोनदा बघते. पळसमैना, म्हणजे भोरडी, हिवाळ्याची पाहुणी आहे. पळसावर तिचे थवे दिसतात, मग ती उत्तरेकडे निघून जाते. भर जूनमध्ये पऱ्हाटीच्या धुऱ्यावर पळसमैना पाहिल्याचं कोणी सांगितलं तर फोटो पुन्हा मागवा.

२. पाखरू की पतंग?

संध्याकाळी जास्वंद, सदाफुली किंवा रायमुनियाच्या फुलांपुढे भिरभिरणारं, फुलाला न टेकता लांब नळीने रस पिणारं, पंख दिसूच नयेत इतकं वेगवान असं काही असेल तर तो हॉकमॉथ हा पतंग असण्याची शक्यता फार मोठी. याच्या एका प्रसिद्ध जातीचं इंग्रजी नावच हमिंगबर्ड हॉकमॉथ आहे. गोंधळ तिथूनही होतो. मोबाइलवर फोटो शोधला की नावात "हमिंगबर्ड" येतं आणि पुढचा शब्द कोणी वाचत नाही.

फोटो मोठा करून हे बघा:

- डोक्यावर दोन मिशा आहेत का? पक्ष्याला मिशा नसतात. मिशा दिसल्या की विषय संपला.
- तोंडापासून निघालेली नळी वाकते, गुंडाळली जाते का? चोच कधी गुंडाळत नाही.
- मागच्या टोकाला पिसांची शेपटी आहे, की केसांचा झुपका?
- पंख काचेसारखे आरपार आणि अंग हिरवट आहे का? तो आणखी एक हॉकमॉथ, भारतात बऱ्याच बागांत येतो.

फोटो हललेला असेल तर पुढच्या वेळी व्हिडिओ घ्या. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला की एखाद्या चौकटीत मिशा दिसतातच. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या पोराने असा एक व्हिडिओ आणला. आम्ही दोघं ओसरीत बसून तो थांबवून थांबवून बघत होतो. नवव्या की दहाव्या वेळी नळी फुलातून बाहेर आली आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गोल झाली. पोरगं ओरडलंच, "काकू, हे त गुंडाळलं!" त्याला त्या क्षणी जे कळलं ते मी दहा वेळा सांगून कळलं नसतं.

मिशा नाहीत आणि खरी चोच आहे, तर शिंजीर. आपल्या भागात दोन मुख्य:

जांभळा शिंजीर. विणीच्या काळात नर पूर्ण गडद, उन्हात निळा-जांभळा चमकतो, सावलीत कोळशासारखा काळा. मादी वरून तपकिरी-हिरवट, खालून पिवळी.

जांभळ्या पाठीचा शिंजीर. नराचं पोट पिवळं, पाठ तांबूस, डोक्यावर हिरवी चमक. मादीचा गळा मळकट पांढरा आणि छाती पिवळी. दोन्ही माद्या शेजारी ठेवल्या तर हा गळाच कामाला येतो.

दोघंही दहा सेंटिमीटरच्या आसपास. चोच बारीक आणि खाली वाकलेली. हमिंगबर्डच्या बऱ्याच जातींची चोच सरळ असते. शिंजीर बहुतेक वेळा फांदीला किंवा देठाला धरून बसतो आणि चोच घालतो. हवेत थांबतो, पण थोडाच वेळ. हमिंगबर्डचं उलट. तो हवेत थांबूनच पितो, मागेही उडतो. त्याचे पाय इतके बारके असतात की चालणं त्याला जमत नाही.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. शहरांच्या दुभाजकांवर, तहसीलच्या आवारात, शाळांच्या कुंपणाला हॅमेलिया नावाचं झुडूप लावतात. नारिंगी-लाल, नळीसारख्या फुलांचं. ते मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, आणि तिकडे त्याच्यावर हमिंगबर्ड येतात. इकडे झाड आलं, त्याचं पाखरू आलं नाही, आणि ती जागा आपल्या शिंजिराने घेतली. तुम्ही हॅमेलियावर शिंजीर पाहिला आणि तुम्हाला हमिंगबर्ड आठवला, तर तुमची नजर चुकलेली नाही. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच काम उचललं, म्हणून ती एकमेकांसारखी दिसू लागली.

शिंजिराएवढंच दुसरं एक पाखरू बांडगुळावर दिसेल. चोच आखूड, रंग मळकट, सतत "चिक चिक". तो फुलटोचा. बांडगुळाची फळं खातो आणि बिया एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. संत्र्याच्या बगीच्यात, आंब्यावर बांडगूळ असेल तर तो आहेच समजा.

३. आकार ओळखीच्या पाखरावरून सांगा

"छोटा होता" याला अर्थ नाही. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार ही पाच मापं धरा. "चिमणीपेक्षा लहान", "साळुंकीएवढा पण शेपटी लांब", असं लिहा. फोटोत एकट्या पक्ष्याचा आकार कळत नाही. त्याच्याजवळचं पान, तार, फूल मोजायला वापरा. जास्वंदीचं फूल सोबत असेल तर शिंजिराचं माप लगेच लागतं. झूम करून काढलेल्या फोटोत वेडा राघूही घारीएवढा वाटतो.

४. मग चोच, पाय, शेपटी

याला वेळ कमी लागतो, पण रंगाच्या आधी हे पाहायचं. जाड, बी फोडायची चोच की बारीक किडे वेचायची? आकडीसारखी की सरळ? शेपटीला खाच आहे की टोक गोल?

याचं माझ्या वहीतलं उदाहरण पावशा आणि शिक्रा हा शिकारी पक्षी. जूनमध्ये पेरणीच्या आधी "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" ओरडणारा पावशा वरून राखी, खालून आडव्या पट्ट्यांचा, अगदी शिक्र्यासारखा. पिवळे डोळेही तसेच. लहान पाखरं त्याला पाहून शिक्रा समजून पळतात, मग आपलं काय. पण शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी, पाय मजबूत, नखं धारदार. पावशाची चोच बारीक, पाय कमजोर, आणि बसायची ढब कोकिळेची. फोटोत पाय दिसत असतील तर शंका उरत नाही. म्हणून फोटो काढताना फक्त डोक्यामागे लागू नका, पायही चौकटीत येऊ द्या.

५. रंग सगळ्यात शेवटी

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि मी सगळ्यात जास्त फसले ती जागाही हीच.

शिंजिराचा निळा, हमिंगबर्डच्या गळ्याचा लाल, मोराच्या मानेचा निळा हे रंग हळदीसारखे नाहीत. पिसांत तो रंग साठवलेला नसतो. पिसांच्या अतिबारीक थरांवरून प्रकाश परत येताना तो रंग दिसतो. कोन बदलला की रंग बदलतो, ढग आला की जातो. त्यामुळे "काळा होता" आणि "जांभळा होता" ही दोन वर्णनं एकाच पाखराची असू शकतात, पाच सेकंदांच्या अंतराने. पाखराच्या पाठीमागे सूर्य असेल तर फोटोतला रंग पूर्ण विसरा, फक्त आकृती वाचा. सकाळी सूर्य तुमच्या पाठीकडे ठेवून उभं राहा.

आता माझी चूक. एका वर्षी आमच्या विहिरीजवळच्या झुडपावर मला एक शिंजीर दिसू लागला. पोट पिवळं, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी पट्टी, गंधाची उभी रेघ ओढावी तशी. पुस्तकातल्या चित्रात तसा नर नव्हता, मादी नव्हती. मी वहीत "नवीन जात" म्हणून लिहिलं, चार लोकांना सांगितलं, आणि जुने फोटो मोबाइल भरला म्हणून पुसून टाकले. काही महिन्यांनी त्याच झुडपावरचं पाखरू डागडागी दिसू लागलं, निळे ठिपके वाढत गेले आणि शेवटी तो पूर्ण जांभळा नर झाला. विणीचा काळ संपला की जांभळ्या शिंजिराचा नर झगझगीत पिसं टाकतो आणि मादीसारखा साधा होतो, फक्त ती पट्टी ठेवतो. मी पाहिलं ते हेच होतं. फोटो ठेवले असते तर एका पाखराचं वर्षभराचं वेष बदलणं माझ्याकडे महिन्यावार असतं. धूसर फोटो पुसू नका, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते.

म्हणून चित्राशी जुळलं नाही की लगेच "दुर्मिळ" म्हणू नका. आधी विचारा: मादी असेल का? पिल्लू? पिसं बदलणारा नर? स्वर्गीय नर्तकाचा प्रौढ नर पांढरा, लांब शेपटीचा. पण मादी तांबूस आणि आखूड शेपटीची, तरुण नरही तांबूस. कोकिळेची मादी तर तपकिरी ठिपक्यांची असते, तिचा फोटो पाहून लोक मला ससाण्याचं नाव विचारतात.

नीलपंखाचंही असंच. दसऱ्याला ज्याचं दर्शन घ्यायला आपण वावरात जातो त्याला आपल्याकडे नीळकंठ म्हणतात, पण त्याचा कंठ निळा नाही, तांबूस-जांभळट रेघांचा आहे. तारेवर बसलेला तो मातकट दिसतो. उडाला की पंखांतला निळा फाकतो. बसलेल्याचा फोटो पाहून "हा नीळकंठ नाही" म्हणणारे खूप भेटतात. आणि नावावरून शोधलंत तर नीलकंठ नावाखाली एक वेगळंच छोटं पाखरू सापडेल, ज्याचा गळा खरोखर निळा असतो. स्थानिक नाव वहीत जरूर लिहा, ते मोलाचं आहे. सोबत पुस्तकी नावही लिहा.

६. ॲपला विचारा, पण जागा-तारीख देऊन

मर्लिन फोटो घेतल्यावर कुठे आणि कधी विचारतं. ते चुकवू नका. जागा दिली नाही तर कोणतंही यंत्र शिंजिराला हमिंगबर्ड म्हणू शकतं, कारण जगभरच्या फोटोंत तो सारखा दिसतो. जागा दिली की अमेरिकेतले सगळे आपोआप गळतात.

फोटो देण्याआधी पाखरू चौकटीच्या मध्यभागी येईल असा कापून घ्या. पहिलंच नाव खरं मानू नका, सुचवलेली दोन-तीन नावं उघडा, नकाशा बघा, आवाज ऐका. पश्चिम घाटातच राहणारा छोटा शिंजीर जर यवतमाळच्या वावरात सुचवला गेला, तर नकाशाच सांगेल की दुसरं नाव बघा.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर फोटो टाकला तर माणसंही तपासून सांगतात, आणि पतंग-किड्यांसाठी ते जास्त उपयोगी. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर तुमची यादी जमा होते, आणि तुमच्या जिल्ह्यात कोणत्या महिन्यात काय दिसतं ते कळतं. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते. अंगणात पंधरा मिनिटं बसून केलेली नोंदही चालते. सुरुवातीला हा चांगला मुहूर्त आहे.

७. अमेरिकेतून आलेला फोटो खरा हमिंगबर्ड असतो, तो असा बघा

आता गावोगावची पोरं तिकडे आहेत. त्यांच्या गॅलरीत साखरपाण्याची बाटली टांगलेली असते आणि फोटो इकडे येतो. "हा कोणता?" असं विचारलं की पद्धत तीच, आधी जागा.

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला उन्हाळ्यात घरटं करणारा एकच हमिंगबर्ड, माणकासारख्या लाल गळ्याचा रूबी-थ्रोटेड. तिकडचा उन्हाळ्यातला फोटो असेल तर बहुतेक उत्तर मिळालं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर भर हिवाळ्यातला फोटो असेल, आणि नराचं डोकं व गळा दोन्ही गुलाबी चमकत असतील, तर ॲनाज हमिंगबर्ड. अंग विटकरी-नारिंगी असेल तर रूफस असू शकतो. तो मेक्सिकोत हिवाळा काढतो आणि थेट अलास्कापर्यंत विणीला जातो.

माद्या अवघड. रूबी-थ्रोटेड आणि काळ्या हनुवटीच्या ब्लॅक-चिन्ड हमिंगबर्डच्या माद्या जवळजवळ सारख्या, पंखाच्या टोकाच्या पिसांचा आकार बघावा लागतो. फोटोत तेवढं दिसत नसेल तर दोन्ही नावं लिहून सोडायचं. नरातही फक्त गळ्यावर जाऊ नका, उजेड नसेल तर दोघांचाही गळा काळाच दिसतो.

खाली इक्वाडोर-कोलंबियाकडचा फोटो असेल तर उंचीही विचारा. इक्वाडोरमध्ये शंभराहून जास्त जाती आहेत, आणि अँडीज पर्वतात उंचीनुसार त्या बदलतात. किती मीटरवर काढला हे कळलं की यादी अर्ध्याहून कमी होते. चोच अंगापेक्षा लांब असेल तर तो सोर्ड-बिल्ड, त्याला मात्र कोणाशी चुकवता येत नाही. आणि क्युबाचा बी हमिंगबर्ड हा जगातला सगळ्यात लहान पक्षी, साधारण दोन ग्रॅमचा.

८. "आपल्या जंगलात दिसलेला दुर्मिळ पक्षी" असा फॉरवर्ड आला तर

पुढे पाठवण्याआधी दोन मिनिटं द्या. फोटो गूगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो आधी कुठे कोणत्या नावाने आला ते दिसतं. मागची झाडं पाहा: साग, मोह, पळस आहे, की शेवाळाने झाकलेलं वेगळंच रान? कृत्रिम बनवलेल्या चित्रांत बोटांची संख्या, पायाची पकड, पिसांच्या ओळी अनेकदा बिघडलेल्या असतात. पाय आधी बघा.

नेहमी फसवणाऱ्या जोड्या अशा. मोठ्या रंगीत चोचीचा टूकान मध्य-दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडचा राखी धनेश, चोचीवर शिंगासारखा उंचवटा असलेला. लांब शेपटीचे बर्ड ऑफ पॅरडाइज न्यू गिनी आणि आसपासचे. आपल्याकडचा स्वर्गीय नर्तक. मकाव अमेरिकेतला. पण इथे एक अपवाद लक्षात ठेवा, पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पोपट खरोखर तुमच्या कडुनिंबावर बसू शकतो. तसा दिसला तर "सुटलेला" असंच लिहा. आपला देशी पोपट मात्र पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

९. जाणकाराला फोटो पाठवताना

- व्हॉट्सॲपवर फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबला जातो, बारीक पिसं जातात, आतली तारीख-जागाही जाते.
- एकच सुंदर फोटो नको. समोरून, बाजूने, उडताना, वाईट असले तरी सगळे द्या.
- रंग वाढवणारे फिल्टर लावू नका.
- सोबत त्या तीन ओळी.
- "हमिंगबर्ड आहे का?" असं न विचारता "हे काय आहे?" असं विचारा. नाव आधी सांगितलं की पाहणाऱ्याची नजरही तिकडेच वळते.

आणि काही गोष्टी नकोत. घरट्याजवळ जाऊन फोटो नको. शिंजिराचं घरटं कोळिष्टकांनी विणलेलं, लोंबतं, अनेकदा अंगणातल्या तारेला किंवा वेलीला असतं, म्हणून हाताशी वाटतं. तुम्ही तिथे दहा मिनिटं उभे राहिलात तर आई दहा मिनिटं बाहेर, आणि कावळा तुमच्यावर लक्ष ठेवून असतो. मोबाइलवर आवाज वाजवून पाखरू बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर नाहीच. घुबडांच्या, रानपिंगळ्याच्या नेमक्या झाडाचं लोकेशन गटात टाकू नका. तालुका लिहिला की पुरे.

१०. फोटोचं नाव आणि "बाकी" ची पानं

घरी आल्यावर त्याच दिवशी फोटोला नाव द्या: तारीख, जागा, पाखरू. "२०२४-०३-१२ विहीर पळस जांभळा शिंजीर नर." ओळख पटली नसेल तर जेवढं पटलं तेवढंच: "शिंजीर मादी, कोणता ते बाकी". माझ्या वहीच्या शेवटी अशा "बाकी" ची चार पानं आहेत. तुरीच्या ओळीत पाहिलेला एक छोटा हिरवट वटवट्या तिथे तीन वर्षं पडून आहे. फोटोत पाय दिसत नाहीत, आवाज मी लिहिला नव्हता. यंदा तूर फुलावर आली की त्याच धुऱ्यावर सकाळी सातला जाऊन बसणार आहे, आणि यावेळी आधी आवाज लिहिणार आहे.